पाठकोरा कागद

बावीस वर्षं मी रेषेबाहेरच्या टेबलावर बसते.
नायगावच्या मैदानात दिवे लागले, मॅट अंथरली
की माझं पेन सुरू:
गुणाला तिरकी रेघ,
बोनसला त्रिकोण, लोणाला चौकोन.
बोटाच्या टोकाचा निसटता स्पर्शसुद्धा
पंचांनी हात वर केला की कागदावर उतरतो.
या खेळात कोण कुणाला शिवलं
याचा हिशेब चुकत नाही,
असं मी पोरींना सांगायचे.

प्रचिती पाष्टे मंगळवारी ऑफिसात आली.
भोईवाडा, रेशनच्या दुकानावर, दुसरा मजला.
सतरा वर्षांची, उजवा कोपरा सांभाळते,
तिने घोटा धरला की सुटत नाही.
चप्पल दारात काढून म्हणाली,
"कुंदाताई, तक्रारीचा फॉर्म असतो का?"

मी कपाट उघडलं.
जन्मतारखेचा फॉर्म होता, वजनाचा होता,
संघ बदलायचा, गणवेश मिळाल्याचा,
सत्यनारायणाच्या वर्गणीचं पावतीपुस्तकसुद्धा.
हा नव्हता.
भिंतीवर तक्रार समितीची पाटी मात्र होती, फ्रेम केलेली:
अध्यक्षांची मेहुणी, खजिनदारांची सून,
आणि तिसऱ्या ज्या बाई, त्यांना जाऊन
येत्या मार्गशीर्षात चार वर्षं होतील.

"बस," म्हटलं. बसली नाही.
परभणीच्या स्पर्धेपासून सांगत गेली.
सर. लॉजचा जिना. "पट्टी बांधून देतो, वर ये."
मग निवड यादी, आणि यादीतून गळालेलं नाव.
सगळं एका दमात,
श्वास तुटला तर बाद होईल अशी.

दम धर, हे आम्हीच शिकवतो.
दम घालवू नकोस, हेही.
आणि पोरगी या दारापर्यंत पोचली
की दम देतोसुद्धा आम्हीच:
क्लबची मान्यता जाईल,
रेल्वेत लागायचंय ना तुला?
वडिलांचं बीपी कसं आहे आता?

कपाट उघडंच होतं.
खालच्या फळीवर इतिवृत्ताच्या वह्या.
दोन हजार नऊची निळी वही मला न उघडता पाठ आहे.
"विषय क्रमांक सहा. एका खेळाडूच्या आईने
तोंडी तक्रार केली. चर्चा झाली.
खेळाडूने सराव बंद केल्याने विषय निकाली."
अक्षर माझं. वळणदार.
त्या बैठकीला बटाटेवडे होते, मी दोन खाल्ले.
खेळाडूचं नाव लिहिलं नाही.

सुगंधा.
परळला औषधाच्या दुकानात असते,
मी गेले की मान खाली घालून
सुटे पैसे मोजत राहते.

फॉर्म नाही तर नाही.
गेल्या महिन्याच्या अंतिम सामन्याची गुणपत्रिका काढली,
जादा प्रत, पाठकोरी,
पट्टीने रकाने आखले.
तारीख. वेळ. ठिकाण. कोणी. कुणाला सांगितलं.
शेवटचा रुंद ठेवला: त्यांनी काय केलं.
प्रचितीने दाबून लिहिलं, शाई पलीकडे फुटेल इतकं.
मी साक्षीदार म्हणून सही केली.
मग दुसरा कागद घेतला,
वर लिहिलं दोन हजार नऊ.
कुणाला सांगितलं: कुंदा मयेकर.
त्यांनी काय केलं: या रकान्यात
पेन बराच वेळ टेकून राहिलं, ठिपका मोठा झाला,
मग लिहिलं, वळणदार.

सरचिटणिसांचा फोन आला, कसं कळलं कोण जाणे.
"मयेकरबाई, पोरीला समजवा. सामना संपलाय."
गुणपत्रिकेवर सह्या झाल्याशिवाय
निकाल लागत नाही, साहेब.
हे म्हणायचं मला नंतर जिन्यात सुचलं.
फोनवर नुसतं "हो, हो" म्हणाले आणि ठेवला.

पोलीस चौकीच्या अलीकडे झेरॉक्सवाला आहे.
त्याने कागद उलटसुलट केला,
पुढे प्रचितीच्या अकरा पकडी,
मागे तिचं अक्षर.
"एकच बाजू की दोन्ही?"
माझ्याकडे न बघता ती म्हणाली,
"दोन्ही. चार प्रती."